पायाखालचा रस्ता

"समुद्राचं डोक्यातून काढून टाक," सात नंबर म्हणाला. "तिकडे वारा फार. उंच गाडी हलते."

बायकोने समुद्राकाठच्या गावावर पेन्सिलीने फुली मारली. ही चौथी. डोंगर नको, तिथे धुकं असतं. जंगल नको, हंगाम संपला की तिथले मुक्काम बंद होतात. बागांचं गाव नको, त्याला कारणसुद्धा नाही, नुसतंच नको. काल दुकानातून आणलेला कोरा करकरीत नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, दोन कप आणि त्याच्या चष्म्याचं घर. बाहेर फाटकाशी जुनी कॅराव्हॅन उभी होती. आत चार जणांची झोपायची सोय, एक शेगडी, आणि नातवंडांनी सकाळीच आणून टाकलेल्या दोन उशा. पानगळ संपत आली होती. शनिवारी निघायचं होतं.

"मग जायचं तरी कुठे? आठ दिवस फाटकातच उभं राहायचं का?"

"माझ्या रस्त्याने जाऊ की. पायाखालचा आहे."

त्याचा रस्ता म्हणजे बसचा. सात नंबरची लांब पल्ल्याची बस त्याने अठ्ठावीस वर्षं चालवली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लोक त्याला बसच्याच नावाने हाक मारत.

"अठ्ठावीस वर्षं ज्या रस्त्याला शिव्या घातल्यात, त्यावरच सुट्टी?" ती हसत म्हणाली खरी, पण पेन्सिल खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. हल्ली रस्त्यात समोरचा बोलेपर्यंत हा ओळख देत नसे. औषधाची पट्टी तिच्याकडे सरकवून म्हणे, "तूच वाच, तुला हौस." लायसनच्या नूतनीकरणाचा फॉर्म तर महिनाभर रद्दीखाली पडून होता. डोळे तपासल्याचा दाखला जोडायचा होता त्याला. वय झालं, आळशी झालाय, असं ती स्वतःला सांगत आली होती. आज ते काही केल्या पटेना.

फोन वाजला. लेकीचा होता.

"आई, दोन्ही मुलं तुमच्या भरवशावर पाठवतेय. बाबांना एवढं झेपेल ना गं? खरं सांग."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे, मी तरी कुणाला विचारतेय!" लेकच हसली. "एरवी गाडीत तुझा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि त्यांच्या बसमध्ये घोरत पडायचीस."

फोन ठेवला तेव्हा सात नंबर कामाला लागला होता. नकाशाच्या मधल्या घडीवर अंगठा ठेवून तो बोटांनी अंतर मोजत चालला होता. "इथे चहा. मग पूल. दोन वळणं, की लांब उतार." बोट कुठे अडखळत नव्हतं. चष्मा मात्र त्याच्या घरातच होता, नकाशाचा कोपरा दाबून बसलेला.

"आणि हा शेवटचा मुक्काम," त्याने बोट टेकवलं. "शाळेमागे सपाट मैदान आहे, विहीर आहे. मुलं इथे निवांत झोपतील."

बोट निळ्या रंगाच्या मधोमध होतं. चांगला तळहाताएवढा निळा रंग. तो नोकरीला लागला तेव्हापासून तिकडे धरणाच्या गोष्टी चालल्या होत्या, त्यामुळे कुणी त्या मनावर घेत नसे. गेल्या वर्षी ते भरलं. शाळा, मैदान, विहीर, सगळं पाण्याखाली गेलं. तिलाही ते काल दुकानात नकाशा उघडला तेव्हाच कळलं होतं.

"अहो, तुमच्या बोटाखाली रंग कुठला आहे?"

"नकाशाचा असतो तोच."

"कुठला?"

तो वाकला. नाक कागदाला टेकेल इतका वाकला, आणि तसाच राहिला.

"पाणी आहे तिथे," ती हळूच म्हणाली. "धरण भरलं. गाव गेलं."

त्याने बोट उचललं आणि ओलं झाल्यासारखं विजारीला पुसलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"धरण?"

"डोळे."

खिशातून कॅराव्हॅनची किल्ली काढून त्याने ती नकाशावरून तिच्याकडे सरकवली.

"नोकरीचं शेवटचं वर्ष रस्ता तोंडपाठ होता म्हणून निभावलं," तो म्हणाला. "खड्डा कुठे, वळण कुठे, सगळं पाठ. समोरून येणाऱ्या गाड्या तेवढ्या अंदाजाने."

"अहो, पन्नास माणसं असायची त्या बसमध्ये!"

"रोज ठरवायचो, आज डेपोत सांगून टाकू. धीर व्हायचा नाही."

त्या वर्षी तिची बहीण आजारी होती. दर शुक्रवारी ती याच बसने तिच्याकडे जायची.

"मी असायचे," ती म्हणाली. "शुक्रवारी. तुमच्या मागच्याच सीटवर."

"माहीत आहे ना." पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा सैल झाला. "तुझं घोरणं कानावर आलं, की वाटायचं, अजून जमतंय आपल्याला."