पहिल्या पावलाचा मान

"थांबा. माझ्याआधी कोणी आत पाऊल टाकायचं नाही."

म्हातारी अक्सेनिया नव्या घराच्या दारात उभी होती. हातात गृहप्रवेशाचा पाव, पावावर मीठ.

नव्या घरात जो आधी जातो, त्याला ते घर आधी नेतं. एकालाच नेतं, मग शांत होतं. म्हणून म्हाताऱ्यांनी पुढे व्हायचं. निस्त्रु नदीकाठच्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"काय रे ग्रिगोरे, इटलीत एवढी वर्षं राबलास ते आईचं थडगं बांधायला?" म्हातारीने मुलाला टोमणा मारला.

"आई, तू आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाशील."

ट्रकमधून सामान उतरवणारे शेजारी हसले. सून लिडिया हसली नाही.

चार दिवसांपूर्वी. भाड्याच्या दोन खोल्या, औषधाच्या दुकानामागे. घरमालकीण म्हणत होती, राहा की ईस्टरपर्यंत. ग्रिगोरेचंही तेच म्हणणं. नव्या घराचा गिलावा ओला. खिडक्यांना काचांऐवजी प्लास्टिक. बर्फ तोंडावर आलेला.

"अशा थंडीत कोण घर बदलतं, लिडा? लोक हसतील."

"हसू देत. याच आठवड्यात जायचं."

का? ती खोकी बांधायला लागली. किशिनाउ शहरातल्या दवाखान्यातून आल्यापासून ती अशीच. रक्त कमी आहे, एवढंच म्हणाली होती. मग तिने नवऱ्याला कोबी खारवायला शिकवलं. मोजे रफू करायला शिकवलं. तो वैतागला, पण शिकला.

पुन्हा दार. म्हातारीने क्रूसाची खूण केली. पाय उचलला.

लिडियाने तिला खांद्याने बाजूला सारलं. आणि आत गेली.

पाव चिखलात पडला.

"अगं सटवे!" म्हातारी किंचाळली. "मी काय शोभेला उभी होते? ये, बाहेर ये! कोणी पाहिलं नाही म्हणू!"

"घराने पाहिलं, आई."

लिडिया आत भिंतीला टेकली होती. पाठीला ओला गिलावा लागत होता. ग्रिगोरे खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा.

"डॉक्टर म्हणाले, ईस्टर काही दिसणार नाही मला," ती म्हणाली. "घराला एकच हवा असतो ना? मग तुमचा जीव कशाला वाया घालवायचा?"