दादाच्या गाडीचा क्लच

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: कोल्हापुरातलं गॅरेज, बारा वर्षांच्या शाल्मलीच्या दादाची स्पोर्ट्स कार आणि बाकावर क्लच आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, यांच्या दोन जोड्या. एक शर्यतीची, तिने गाडी झटकन उसळते, पण पेडल दाबायला दणकट पाय लागतो. दुसरी मऊ, रोजच्या वापराची.

दादा तापाने गेला, त्याला चार महिने झाले होते. “शर्यतीचीच बसवा. त्याला तीच हवी होती,” बाबा सपाट आवाजात म्हणाले.

“क्लच पाय बघून निवडायचा असतो, साहेब,” मिस्त्री हळूच म्हणाले. “आता चालवणार कोण वो?”

बाबा गार फ्लायव्हीलवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

शाल्मली गाडीत जाऊन बसली. “मऊ बसवा, मिस्त्रीकाका. मोठी झाले की मीच चालवणार, मला झेपेल अशी,” ती म्हणाली, आणि दादाच्या मापाला लावलेली सीट तिने पुढे ओढली.