डाइकहाउस बाईंची हलकी गाडी

लोहचुंबक पुढच्या मडगार्डला टेकलं आणि टपकन खाली पडलं. लाइल बाँटेकूने ते उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

त्याला उडीच मारावीशी वाटली. चेहरा मात्र त्याने सुतकी ठेवला.

"पुट्टी आहे, बाई," तो म्हणाला. "नुसती पुट्टी."

जुनी गाडी बदलायला आलेल्या डाइकहाउस बाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. गावच्या दोन पिढ्यांना त्यांनी तिसरीत गणित शिकवलं होतं. ज्याचं उत्तर बरोबर येई, त्याला त्या पर्समधून एक पेपरमिंट देत. लाइलला वर्षभरात एकही मिळालं नव्हतं. आता तो गाड्यांच्या दुकानाचा मालक होता, तरी बाईंसमोर त्याचे हात आपोआप पाठीमागे जात.

"अरे, तेच सांगणार होते. माझ्या नवऱ्याने, हेन्रीने..."

"सांगू नका, बाई. मला दिसतंय ना."

मिशिगनच्या त्या भागात हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ पत्रा खातं. लोक भोकांत पुट्टी भरतात, वर रंग देतात आणि गाडी विकायला आणतात. म्हणून प्रत्येक दुकानदाराच्या खिशात लोहचुंबक असतं. चिकटलं तर लोखंड, पडलं तर पुट्टी.

पण लाइलला तिसरी शक्यता माहीत होती. बासष्ट साली कारखान्याने मोजक्याच गाड्या फक्त शर्यतीसाठी काढल्या होत्या. पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, त्यालाही लोहचुंबक चिकटत नाही; काचांच्या जागी पातळ प्लास्टिक, हीटर नाही, रेडिओ नाही. सगळा खटाटोप वजन कमी करण्यासाठी. समोरच्या गाड्यांच्या दुकानवाल्या मार्व कोलीनला तशी एक मिळाली होती. लाइलचा अर्ज परत आला होता. त्यातलीच एक गाडी चुकून साध्या गिऱ्हाइकाला गेली, अशी तेव्हापासून गावात कुजबुज होती.

आणि आज दुपारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर लाइल आणि मार्वची शर्यत होती. हरणाऱ्याने लाकडी बूट घालून जिंकणाऱ्याच्या दुकानासमोरचा रस्ता घासायचा, गावच्या ट्युलिपच्या जत्रेत डच प्रथेप्रमाणे बायका घासतात तसा. सकाळीच मार्वचा फोन आला होता : "लाइल, पायाचं माप कळव रे. बूट पुसून ठेवलेत."

"बासष्टची ना ही?" लाइलने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो. हेन्रीचा पुतण्या कारखान्यात आहे, त्याने मिळवून दिली."

लाइलने लोहचुंबक खिशात टाकलं. "हीटर?"

"हेन्रीनेच नको म्हटलं. 'कोट कशाला शिवलाय मग?' म्हणायचा."

"रेडिओ?"

"'गाणी रविवारी चर्चमध्ये ऐकतोच की.'"

"आणि मागची सीट?"

"काढून टाकली. उगाच वजन कशाला वागवायचं?"

लाइलने खिडकीवर नख वाजवलं. काच नव्हती, प्लास्टिक होतं. बाई आल्या तेव्हा गाडीच्या आवाजाने दुकानाची तावदानं थरथरली होती, तेही त्याला आठवलं. बॉनेट उघडून बघायला हात शिवशिवत होते. पण ज्या गाडीला डबा म्हणायचं तिच्या पोटात डोकावायचं कसं? शिवाय बॉनेट तारेने बांधलेलं होतं.

"बाई, तुम्ही माझ्या शिक्षिका," तो म्हणाला. "तुम्हाला या डब्यात बघवत नाही मला. ती निळी घेऊन जा. हीटर आहे, रेडिओ आहे. सरळ अदलाबदल. वर एक डॉलर नको."

"अरे, ती कोरी दिसतेय!"

"तुमच्यापेक्षा का गाडी जास्त?"

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "लाइल, पडताळा घेतलास ना? घाईघाईत उत्तर लिहायची तुझी जुनी खोड आहे."

"घेतला, बाई."

"पण त्या मडगार्डचं मला सांगू तरी दे..."

"पुट्टी आहे हे मीच तुम्हाला सांगितलं ना? मग झालं तर!"

त्याने हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला. त्या गावात हात मिळवला की व्यवहार पक्का. मागे फिरणाऱ्याचं तोंड कुणी पाहत नसे.

निळी गाडी वळणापलीकडे गेली तसा लाइलने फोन उचलला.

"मार्व? ते बूट तूच घालून बघ. चावतात का ते कळेल."

संध्याकाळी मुख्य रस्त्यावर हीऽ गर्दी. मार्वच्या दुकानासमोर लाइल लांब दांड्याच्या ब्रशने रस्ता घासत होता. पायात लाकडी बूट. केसांपासून कोपरापर्यंत पांढरी भुकटी, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. मार्व दारात कॉफी पीत उभा होता.

"त्या कोपऱ्यात राहिलं बघ," मार्व म्हणाला. "आणि जरा नाचत घास की! बायका नाचतात."

तेवढ्यात निळी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आतून उबदार हवा आली आणि रेडिओवरचं भजन.

"लाइल, इकडे ये."

तो खटखट करत गेला. हात आपोआप पाठीमागे गेले.

"निशाण पडताच गाडी पुढे गेली आणि मडगार्ड रेषेवरच राहिलं म्हणे?"

लाइलने मान हलवली.

"फुटक्या काचांना प्लास्टिक लावलं आणि तीन हिवाळे खपून भोकांत पुट्टी भरली रे हेन्रीने. वर रंग असा दिला की मला वाटलं, कुणाच्या बापाला ओळखू यायचं नाही. म्हणून तर सांगायला धडपडत होते. पण तू नुसतं लोहचुंबक लावलंस आणि पहिल्या दमात सांगितलंस."

बाईंनी पर्स उघडली आणि त्याच्या ओल्या तळव्यावर एक पेपरमिंट ठेवलं.

"शाबास. उत्तर अगदी बरोबर होतं."