निळी आखणी

पणजोबांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आजोबांनी नाटक कंपनीचे पडदे रंगवले आणि वडिलांनी साप्ताहिकांसाठी चित्रकथा काढल्या. या तिघांपैकी एकालाही ‘हे पुसून पुन्हा काढा’ असे सांगण्याची कुणाची छाती झाली नव्हती. चौथ्या पिढीतल्या बाईंना मात्र ते वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, दुपारी चार वाजता, फोनवरून ऐकावे लागले.

“सगळ्या पानावर निळ्या रेघांचं जाळं आलंय, आजी,” संपादक म्हणाला. “गालावर निळं, गुडघ्यावर निळं. टपालवालीला कुणी बदडून काढलंय की काय?”

चूक काय झाली ते बाईंच्या लगेच ध्यानात आले. चव्वेचाळीस वर्षे त्या साप्ताहिकातली ‘टपालवाली’ ही चित्रकथा काढत होत्या; फिक्या निळ्या पेन्सिलीने आखणी करीत आणि त्यावर काळी शाई भरीत. छापखान्याच्या कॅमेऱ्याला फिका निळा दिसतच नसे, त्यामुळे खोडरबराचे कामच पडत नसे. आज टॅबलेटच्या काचेच्या पाटीवर पहिल्यांदा अख्खे पान काढतानाही हात आपल्या वळणानेच गेला होता: आधी निळी आखणी, तिच्यावरच काळी रेघ. आखणीसाठी वेगळा थर घ्यायचा असतो, हे सूनबाईंनी चारदा सांगितले होते. “कागद एकच असतो,” असे म्हणून बाईंनी चारही वेळा तो विषय मिटवला होता.

“पाचला पान छपाईला जातं,” संपादक पुढे म्हणाला. “आता कागदावरचं पान स्कॅन करत बसायला इथे माणूस नाही. तुम्हाला नसेल जमत, तर पुढच्या अंकापासून टपालवाली आमच्या कचेरीतली मुलं काढतील. तसं ठरलंय आपलं.”

“ठरलंय ना? मग पाच वाजू देत. आणि आजी मी माझ्या घरात. तुझ्याकडे मी चित्रकार आहे.”

बाईंनी फोन ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणिताचे पेपर तपासत बसलेल्या सूनबाईंनी लाल पेनाला टोपण लावले.

“आई, द्या इकडे. निळा तेवढा निवडून उडवता येतो.”

“उडव.”

सूनबाईंनी दोनदा बोट टेकवले आणि निळा रंग नाहीसा झाला. काळी रेघ उरली, पण कडांवर उंदरांनी कुरतडल्यासारखी. खांद्यावर आपल्याहून मोठी पिशवी घेतलेली ती टपालवाली आता नुसतीच वाकलेली दिसत होती. पिशवीत काही आहे, असे वाटतच नव्हते.

बाईंनी चष्मा सारखा केला. “आण परत.”

“अहो आई, चार वाजून गेले—”

“आण म्हटलं ना.”

निळे परत आले. पाठीच्या कण्याची एक लांब तिरपी रेघ, डोक्याचा जरासा चेपलेला गोल, पिशवीच्या ओझ्याचा बाण. बाई बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या.

“हात माझा, पण हे वळण माझं नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कुणाचं?”

“माझ्या वडिलांचं. टपालवाली मिळाली तेव्हा माझ्या मांडीवर जुळी होती. पहिली दोनशे दहा पानं त्यांनी आखली. मी नुसती शाई भरली. नाव माझं लागलं, बक्षीस मी घेतलं आणि व्यासपीठावर तोंड मिटून उभी राहिले. घरी येऊन रडले, तर वडील मलाच म्हणाले, निळं कुणाला दिसतंय? शाई भर गुपचूप.”

सूनबाईंनी तपासायचे पेपर बाजूला सारले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती आणि सासूबाई रडल्याचे त्या आज प्रथमच ऐकत होत्या.

बाईंनी लेखणी उचलली. काचेवरून ती अजूनही बर्फावरून चालल्यासारखी घसरत होती. त्यांनी मनगट दाबून तिला सरळ केले. शेवटच्या चौकटीखालच्या पट्टीत, निळ्याच रंगात, त्यांनी लिहिले: ‘पहिल्या दोनशे दहा पानांची आखणी’. आणि त्यापुढे वडिलांचे संपूर्ण नाव, स्वतःच्या सहीच्या दुप्पट आकारात. पान पाठवले आणि फोन स्वतःहून लावला.

“बाई, हे तर आणखी निळं झालं!” संपादक ओरडला.

“दिसलं ना? मग छाप. निळ्यासकट, नावासकट.”

“लोक विचारतील, हे काय अर्धवट काढलंय म्हणून.”

“विचारू देत. चव्वेचाळीस वर्षं कुणी विचारलं नाही.”

“आणि मी नाही छापलं तर?”

“तर पान कोरं सोड. तुझी मुलं पुढच्या अंकापासून काढणार आहेत. हा अंक माझा आहे.”

पलीकडे कुणीतरी ‘पाच वाजत आले’ असे ओरडले.

“या वेळेपुरतं छापतो,” संपादक म्हणाला. “पुढचं पुढे बघू.”

“बघ,” बाई म्हणाल्या.

शनिवारी अंक आला. सूनबाईंनी तो टेबलावर उलगडला. निळे छापले गेले होते, कण्याच्या रेघेपासून खालच्या पट्टीपर्यंत, एकही रेघ न गाळता. त्यांनी पट्टीवर बोट ठेवून मजकूर वाचला आणि मग ते नाव, आडनावासकट, मोठ्याने.

तेवढ्यात फोन वाजू लागला.

“आई, संपादकांचा आहे.”

“वाजू दे,” बाई म्हणाल्या. “तू ते नाव पुन्हा वाच.”