संत रीताची खोली

कासिल्दाने गादी बोटाने टोचून पाहिली आणि नाक मुरडलं. "यावर झोपायच्या होय नन? एवढ्या मऊ गादीवर कुणाला देव आठवेल?"

"आई, गादी नवी आहे. खोली जुनी आहे," फेर्मिन म्हणाला.

ऐंशीव्या वाढदिवसाला मुलाने तिला या मठातला एक मुक्काम भेट दिला होता. मठाचं आता हॉटेल झालं होतं. खोल्यांना मात्र संतांची जुनीच नावं होती. कासिल्दाने संत रीताची खोली हट्टाने मागून घेतली. तिची थोरली बहीण ओब्दुलिया ऐन तारुण्यात मठात शिरली, ती जन्मभर याच खोलीत राहिली आणि इथेच गेली. कासिल्दाचं घर मठाच्या मागच्याच गल्लीत. पण ही खोली ती आज पहिल्यांदा बघत होती. नेम कडक होते. भेटायला आलेल्याने गजांच्या अलीकडे बसायचं. पलीकडे काळा पडदा, आणि पडद्यामागे नुसता आवाज.

"हौसेने नाही आले मी," ती म्हणाली. "फादरना उद्या उत्तर द्यायचंय."

हॉटेलच्या कामात मठाच्या बागेतल्या कबरी हलवल्या होत्या. ननच्या अस्थी पेट्यांत घालून चर्चमध्ये ठेवल्या होत्या. ज्यांना आपलं माणूस न्यायचं त्यांनी न्यावं, उरलेल्या सगळ्या एका खड्ड्यात जाणार होत्या. कासिल्दाच्या घराण्याच्या कबरीत तिच्या जागेशेजारचा कोनाडा रिकामा होता.

"द्यायचा ना मावशीला?" फेर्मिनने विचारलं.

"कशाला? माझ्यापाशी येऊन काय करायचंय तिला? दर नाताळला मी त्या गजांपुढे जाऊन बसायची. बाईसाहेब हवापाण्याचं बोलायच्या, संतांचं बोलायच्या. 'मुलं कशी आहेत गं?' असं जन्मात एकदा तरी विचारावं? नाही! मग मीही नाही सांगितलं. न विचारता सांगत बसायला मी काही वाटेवर पडलेली नाही."

"पण तिला सगळं कळायचंच की. अख्खं गाव म्हणतं, देव तिच्या कानात येऊन सांगायचा."

ते खरं होतं, आणि तेच कासिल्दाला झोंबायचं. मठाच्या दारात भिंतीत बसवलेलं एक फिरतं कपाट होतं. नन हातसुद्धा न दाखवता त्यातून मिठाई विकायच्या. फेर्मिन जन्मला तेव्हा कासिल्दाने मठात निरोपही धाडला नव्हता, तोच त्या कपाटातून विणलेलं टोपरं आलं. पुढे नवरा एक दिवस न सांगता जर्मनीला कामाला निघून गेला. कासिल्दाने गावाला सांगितलं, तापाने पडलाय. चूल थंड होती, पण मान ताठ होती. त्याच आठवड्यात कपाटातून तिच्या नावाने पाव आणि चणे आले. मग दर आठवड्याला येत राहिले. नवरा गुपचूप परत आला आणि पाव थांबले. त्याऐवजी आली त्याच्या आवडीची, अंड्याच्या बलकाची मिठाई. तेव्हापासून गावातल्या बायका आजारपणात ओब्दुलियाकडे प्रार्थनेसाठी निरोप धाडू लागल्या.

"माझ्या घरच्या चुगल्या देव तिच्याकडे करतो," कासिल्दा म्हणायची, "आणि ती मला साधं विचारत नाही."

खोलीत कोंदट वाटत होतं. खिडकी होती एकच, तीही डोक्यापेक्षा उंच आणि लाकडी जाळीची. तिच्याखाली भिंतीला धरून जुनं बाक होतं. त्याच्या फळीवर झिजून दोन खळगे पडले होते.

"खालची मुलगी सांगत होती, या गुडघ्यांच्या खुणा आहेत," फेर्मिन म्हणाला. "मावशी इथे प्रार्थना करायची. म्हणून बाक तसंच ठेवलंय."

"करत असेल. दुसरं काय होतं करायला?" कासिल्दाने बूट काढून भिरकावले. "धर मला. ती जाळी उघडते."

"आई, पडशील!"

"पडले तर मठात पडेन. फादर हाकेवर आहेत."

फेर्मिनने तिला कंबरेला धरून बाकावर चढवलं. तिचे दोन्ही पाय त्या खळग्यांत बसले. टाचेसकट बसले, अंगठ्यासकट बसले. घराण्याचे रुंद पाय. कासिल्दा थबकली. गुडघ्यांना अंगठे नसतात.

तिने जाळीला डोळा लावला. एका जागी पट्टी मोडून डोळ्याएवढी फट पडली होती. त्या फटीतून चर्चचा मनोरा दिसत नव्हता, चौक दिसत नव्हता, मिरवणुकीचा रस्ताही नाही. दिसत होती फक्त एक पांढरी गच्ची. शेजाऱ्यांनी डोकावू नये म्हणून कासिल्दाने आपल्या या गच्चीचा कठडा मुद्दाम उंच बांधून घेतला होता. आणि वरून मात्र धुण्याची सगळी दोरी दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हं उतरली होती. सून एन्कार्ना धुणं वाळत घालत होती.

फेर्मिन जन्मला तेव्हा या दोरीवर लंगोट लागले होते. जर्मनीच्या वर्षी नवऱ्याचे शर्ट दोरीवरून नाहीसे झाले होते. आणि एका सोमवारी परत आले होते.

"आई, काय दिसतंय गं?"

 कासिल्दाने हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"तुझी बायको शर्टाच्या कॉलरला चिमटे लावते. हजारदा सांगितलं, खालून लाव म्हणून." तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "फादरना फोन लाव. म्हणावं, ओब्दुलिया आमच्याकडे येतेय. माझ्या शेजारी."

"अगं पण आत्ताच तर तू..."

"लाव म्हणते ना! तिथून दोरी दिसत नाही. आता मलाच सांगावं लागणार तिला सगळं."