पोकळ डोलकाठी

त्या जुन्या शिडाच्या बोटीची डोलकाठी आतून पोकळ होती. काठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या गंजक्या पिना बदलायला नवरा दोराला बांधलेल्या पाटावर बसून टोकापर्यंत जायचा. दोर टोकाच्या कप्पीवरून खाली बायकोच्या हातात. वाऱ्यात हाक पोचायची नाही, म्हणून तो पान्याने काठीवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे ओढ. तीन म्हणजे मी वर बांधून घेतलंय, दोर सोड.

एकदा तिने "नक्की ना?" असं ओरडून विचारलं, तर चारचौघांत तो खेकसला होता. "डोकं चालवू नकोस. ठोका ऐकला की हात चालव."

आज टोकाशी पोचून त्याने अजून बांधून घेतलं नव्हतं. पाना खिशात होता. तरी काठीच्या आतून एक ठोका पडला.

पाट कचकन वर गेला आणि त्याची बोटं कप्पीत चेंगरली.

"अगं, मी नाही ठोकलं!"

वाऱ्यात ते विरलं. खाली बायको कान देऊन उभी होती.

मग ठोके ओळीने आले. पहिला पायथ्याशी, दुसरा मधोमध. त्याने काठीला मिठी मारली. तिसरा त्याच्या कानाखालीच पडला.

बायकोने मान डोलावली. ती काही विचारत बसली नाही.