पहिला आवाज

श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सून प्रसिद्धीचं काम बघायची. पेपरात फुकट बातमी यावी म्हणून तिने घरचाच माणूस निवडला, नऊ वर्षं ठार बहिरे असलेले सासरे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने यंत्र चालतंय का बघायला त्यांच्या कानात बसवलं, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली.

सासऱ्यांना आधी नळाचं पाणी ऐकू आलं, मग सुनेचा आवाज. "काळजी नको सर, आमचा म्हातारा रडका आहे. नाहीच रडला तर सासूबाईंचा विषय काढते. त्या गेल्यापासून नुसता फोटो दिसला तरी धार लागते."

त्यांना शिसारी आली. ती परत आल्यावर त्यांनी यंत्र चालतंय एवढीच मान डोलावली, आणि तिने ते काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी हॉल भरला. सुनेने सगळ्यांदेखत पुन्हा यंत्र बसवलं आणि गळा दाटून आल्यासारखं म्हणाली, "बाबा, आज आई हव्या होत्या हो."

सासरे ढिम्म.

"आजोबा, सगळ्यात आधी काय ऐकलंत?" एका पत्रकाराने विचारलं.

"नळाचं पाणी. मग हिला. काल. म्हातारा नाही रडला तर मेलेल्या सासूचा विषय काढते, असं साहेबांना सांगत होती." त्यांनी यंत्र उपटून तिच्या हातावर ठेवलं.

चारचौघांत तिला रडू कोसळलं. फोटोग्राफर पुढे सरसावले.

सकाळी पहिल्याच पानावर तिचा फोटो होता. तळहातावरचं यंत्र कंपनीच्या नावासकट स्पष्ट आलं होतं, आणि खाली छापलं होतं, 'सासऱ्यांना ऐकू येताच सुनेला आनंदाश्रू अनावर.'